उघड्या खिडक्यांचा आठवडा

एकहार्ट ब्यूनर ऑक्टोबरात निवृत्त झाला, घरी आला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी जो बसला तो उठलाच नाही. निदान त्याच्या बायकोला, गेर्लिंडला, तसंच वाटायचं. ती कांदा चिरत असली की हा सुरीकडे बघायचा. तोंडाने काही बोलायचा नाही, पण सुरी कशी धरावी याबद्दल आपलं एक मत आहे, हे त्याच्या नुसत्या श्वासावरून कळायचं. बाहेरच्या खोलीत ती मुलांना पियानो शिकवायची. शिकवणी संपली की हा सांगायचा, आज चार मिनिटं उशिरा सुरू झाली.

एकतीस वर्षं तो दक्षिण जर्मनीतल्या रॉयटलिंगेनच्या एका गृहसंस्थेत भाडेकरूंच्या तक्रारी बघत होता. बघत होता म्हणजे फेटाळत होता. भिंतीला बुरशी आली असं कोणी कळवलं की एकहार्टचं छापील पत्र निघायचं: सकाळ, दुपार, संध्याकाळ घरातल्या सगळ्या खिडक्या पाच मिनिटं सताड उघडा, बाहेर थंडी असो वा बर्फ. नुसती फट ठेवलेली चालणार नाही. त्या मुलखात खिडक्या उघडणं हा धर्मच आहे आणि जो उघडत नाही त्याला शेजारीपाजारी पाण्यात पाहतात. त्यामुळे बुरशीचा दोष एकतीस वर्षांत भिंतीकडे एकदाही आला नाही. तो दर वेळी भाडेकरूच्या आळसाचाच निघाला.

हॅम्बुर्गहून मुलीचे फोन यायचे, की बाबांना सांभाळ, निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष पुरुषांना जड जातं. म्हणून गेर्लिंड सांभाळत होती. तिने लावलेल्या बश्या त्याने डिशवॉशरमधून काढून पुन्हा वेगळ्या लावल्या, तर ती म्हणायची, "छान हं, एकहार्ट." तिच्या मसाल्याच्या बाटल्या त्याने उंचीप्रमाणे रांगेत लावल्या, तरी छान हं. मनातल्या मनात ती त्या बाटल्या एकेक करून त्याच्या डोक्यात घालत होती.

डिसेंबरात त्याच्या डोक्यात खूळ शिरलं. घर विकायचं आणि त्या पैशात एक कोरं करकरीत मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घ्यायचं. आत पलंग, शेगडी, हीटर, संडास, सगळं. मग वर्षभर त्यातच राहायचं, उन्हाळ्यात नॉर्वे आणि हिवाळ्यात स्कीइंग. दातांच्या डॉक्टरांचं एक तरुण जोडपं घर बघूनसुद्धा गेलं. त्यातली बाई पियानोच्या खोलीत उभी राहून म्हणाली, इथे कपड्यांची कपाटं छान बसतील. कितीही दाढ ठणकली तरी या बाईकडे पाऊल टाकायचं नाही, असं गेर्लिंडने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. पण घर गेर्लिंडच्या आईवडिलांचं होतं आणि सही तिचीच लागणार होती.

सरळ नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं, कारण हा माणूस इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच टेबलाशी बसल्या जागेवरून उठला होता. तेव्हा तिने डोकं लढवलं. उन्हाळ्यात काय, कोणीही राहील, ती म्हणाली. आधी एक भाड्याने घे, भर जानेवारीत, एक आठवडा, बर्फात. तू सात दिवस टिकलास तर मी सही करते. मधेच कंटाळलास तर घराचा विषय कायमचा बंद. सिनेमाला गेलं की मानेला वारा लागतो म्हणून तीनदा जागा बदलणारा हा माणूस, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही टिकायचा नाही याची तिला खात्री होती. एकहार्टने त्याच संध्याकाळी नवी फाइल उघडली.

सहा जानेवारीचा तीन राजांचा सण उलटला, नाताळची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या, भाडी उतरली आणि पहिल्याच शनिवारी त्यांनी गाडी ताब्यात घेतली. भाड्याने देणाऱ्या त्साइटलर बाईंनी सगळं समजावून सांगायला दोन तास घेतले. त्यातला अर्धा वेळ एकहार्टच्या प्रश्नांचा होता. बाईंना शेवटी बसायला खुर्ची आणावी लागली. गेर्लिंडने दोन तासांत एकच गोष्ट नीट ऐकली. पलंगाखाली, हीटरच्या शेजारी, एक व्हॉल्व्ह होता. आतलं तापमान तीन अंशांच्या खाली गेलं की पाइप गोठून फुटू नयेत म्हणून तो आपोआप उघडतो आणि गाडीतलं पाणी खाली जमिनीवर सोडून देतो. गाडी पुन्हा चांगली तापल्याशिवाय तो बंदही होत नाही. असं सहसा होत नाही म्हणा, त्साइटलर बाई म्हणाल्या, हीटर चालू असल्यावर कशाला होईल. गेर्लिंडने मान डोलावली आणि ती माहिती जपून ठेवली.

एकहार्टने गाडी फ्युसेनपर्यंत अशा सावकाशीने चालवली की मागे लागलेल्या रांगेतल्या लोकांची एव्हाना आपापसांत ओळख झाली असेल. पुढे ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये, लेख नदीच्या खोऱ्यात कॅम्प होता. एका ओळीत पंधरा-वीस मोटरहोमं, प्रत्येकाच्या काचेवर चंदेरी गोधडी, प्रत्येकाच्या खाली सांडपाण्याची बादली. शेजारची गाडी केम्नित्सच्या हार्टमुट आणि ट्राउडल या नवरा-बायकोची होती. कॅम्पवर पहिल्या मिनिटापासून अरे-तुरे चालतं. हार्टमुटने हात मिळवायच्या आधीच एकहार्टच्या गाडीच्या चाकांकडे बघून मान हलवली. एकहार्टला तो माणूस तत्क्षणी आवडला.

रविवारी सकाळी बाहेर उणे चौदा होतं. एकहार्ट ब्रेड आणायला आणि कॅम्पची नियमावली वाचायला ऑफिसकडे गेला. म्हणजे पाऊण तासाची निश्चिंती. गेर्लिंडने अंगावर स्कीचे सगळे कपडे चढवले, टोपी घातली, हातमोजे घातले. मग तिने सगळ्या खिडक्या उघडल्या, छताची झडप उघडली, दारही उघडलं आणि कॉफीचा कप हातात धरून बसून राहिली. कॉफी थंड झाली, कप थंड झाला, नाक बधिर झालं. चाळीस मिनिटांनी पलंगाखाली टक्क असा आवाज झाला आणि पाणी वाहायला लागलं. एकहार्ट परत येईपर्यंत दारासमोर काचेसारखा बर्फ जमला होता. त्यावरून तो ब्रेडसकट उताणा पडला.

"मी जरा खिडक्या उघडल्या होत्या," गेर्लिंड म्हणाली.

एकतीस वर्षं ज्याने पत्रं पाठवली, तो यावर काय बोलणार? पाठ चोळत उठला आणि म्हणाला की ते बरंच केलंस. मग गेर्लिंड खांद्यावर स्की टाकून बसने डोंगराकडे गेली. दिवसभर एकटीच उतरली, वर गेली, पुन्हा उतरली. लाकडी खानावळीत बसून एकटीने सूप प्यायली. समोर कोणी नव्हतं आणि चमचा कसा धरावा हे सांगणारंही कोणी नव्हतं. संध्याकाळी ती परतली तेव्हा तो गाल फुगवून बसलेला असेल, बॅगसुद्धा भरून ठेवली असेल, अशी तिची अपेक्षा होती.

तो गाडीखाली आडवा होता. बाहेर फक्त बूट दिसत होते आणि बुटांच्या भोवती हार्टमुट धरून चार पुरुष खिशात हात घालून उभे होते. प्रत्येकाचं म्हणणं वेगळं होतं आणि प्रत्येकाला मागच्या हिवाळ्यात असंच झालं होतं. व्हॉल्व्ह कसा बंद करायचा ते एकहार्टने शोधून काढलं होतं. कॅनने पाणी भरायला त्याच्या नऊ खेपा झाल्या होत्या. जेवताना तो फक्त त्याविषयीच बोलला आणि तिने कांदा कसा चिरला तिकडे त्याचं लक्षही नव्हतं.

सोमवारी तिने जास्त वेळ खिडक्या उघड्या ठेवल्या, सकाळी आणि डोंगरावरून आल्यावरही. पुन्हा टक्क, पुन्हा पाणी गेलं. हीटर रात्रंदिवस जीव तोडून पेटत होता, त्यामुळे चार दिवस पुरायचा तो गॅसचा सिलिंडर दीड दिवसात संपला. एकहार्टने रिकामा सिलिंडर मुलांच्या घसरगाडीवर बांधला आणि ओढत दुकानात नेला. सोबत हार्टमुट, कशासाठी ते विचारू नये. मंगळवारी सांडपाण्याची बादली तळापर्यंत गोठली आणि ती फोडायला कोणाकडून तरी कुदळ आली. गेर्लिंड सकाळी चंग बांधून निघायची आणि संध्याकाळी आणखी एक गोष्ट मोडलेली सापडायची, पण माणूस काही मोडत नव्हता. उलट त्याचे गाल लाल झाले होते आणि तो शीळ घालायला लागला होता.

मंगळवारी संध्याकाळी त्याने माउलटाशनच्या, म्हणजे सारात सोडलेल्या खिम्याच्या करंज्यांच्या, दोन थाळ्या फस्त केल्या आणि हात पुसून सांगितलं, की घराच्या विक्रीच्या सह्यांसाठी नोटरीची वेळ घेतली आहे, येत्या सोमवारी दहाला. असं जगणं असतं हे आपल्याला साठी उलटल्यावर कळलं याचं त्याला वाईट वाटत होतं. गेर्लिंडच्या तोंडचं पाणी पळालं. कपाटं छान बसतील, हे वाक्य तिला स्पष्ट ऐकू आलं.

बुधवारी सकाळी कॅम्पच्या भांडी घासायच्या खोलीत ट्राउडल भेटली. गेर्लिंडने सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की आमच्या गाडीत रोज काहीतरी बिघडतं, बिचारा एकहार्ट.

"बिचारा कसला, नशीबवान आहे तो," ट्राउडल म्हणाली. "आमची गाडी नवी. मेली कधी बिघडतच नाही. मागच्या वर्षी तिसऱ्या दिवशी हा चांगला चालणारा पंप उघडून बसला. यांचं कसं असतं माहितीये ना? काही मोडलेलं असलं की ते त्याच्या मागे. काही मोडलेलं नसलं की आपल्या मागे."

कढईवरून फिरणारी गेर्लिंडच्या हातातली घासणी थांबली. तीन दिवस थंडीत कुडकुडत आपण नवऱ्याला हाकलत नव्हतो, त्याला पोसत होतो, हे तिला त्या क्षणी समजलं. आणि तिला स्वतःचा असा राग आला की तिने कढई अर्धीच घासून ठेवली आणि तडक कॅम्पच्या ऑफिसात गेली.

कॅम्पवर सहा जागा चांगल्या होत्या. तिथे गॅस जमिनीतल्या नळीतून थेट यायचा, पाण्याचा नळ गोठायचा नाही आणि सांडपाणी आपलं आपण वाहून जायचं. एक जागा रिकामी होती. गेर्लिंडने ती घेतली आणि एकहार्टला सांगितलं, ही तुला माझ्याकडून भेट, किती राबतोस तू. भेट नाकारता येत नाही. दुपारी गाडी तिकडे हलली. गॅसची नळी जोडायला कॅम्पचा माणूस आला, त्याने दोन मिनिटांत जोडली आणि गेला. एकहार्ट त्या नळीकडे बघत बराच वेळ उभा राहिला. त्या दिवसापासून गेर्लिंडने खिडक्या पाच मिनिटांच्या वर एक क्षणही उघडल्या नाहीत. आत बावीस अंश, पाणी गरम आणि पायमोजे कोरडे होते. काही बिघडण्यासारखं उरलंच नाही.

गुरुवारी सकाळी त्याने चमच्यांचा खण उपसून पुन्हा लावला. दुपारी तो तिच्यासोबत स्कीला आला आणि प्रत्येक उताराच्या तळाशी थांबून तिचं वजन कुठल्या पायावर चुकतं ते सांगितलं. खानावळीत त्याने सूप परत पाठवलं. संध्याकाळी हार्टमुट डोकावला, पण बघण्यासारखं काही नव्हतं, तेव्हा तो उभ्या उभ्या हवापाण्याचं बोलून गेला. शुक्रवारी एकहार्ट टेबलाशी बसला. रॉयटलिंगेनच्या स्वयंपाकघरातलं टेबल मोठं होतं आणि तिथे निदान दुसरी खोली तरी होती. इथे सहा चौरस मीटरांत तो तिच्या कांद्याकडे हातभर अंतरावरून बघत होता. गेर्लिंडचं पारडं जड होत चाललं होतं, आणि तरी तिला एकसारखी आठवण येत होती ती रविवार ते मंगळवारची. एकटीने प्यायलेल्या त्या सुपाची.

शनिवारी सकाळी, निघायच्या दोन तास आधी, त्याने कप बाजूला सारला आणि सांगून टाकलं. हे आपल्याला जमायचं नाही. दातवाल्यांना तोच फोन करेल, नोटरीलाही कळवेल. घर विकायचं नाही.

गेर्लिंड जिंकली होती. आता तिने फक्त गप्प बसून कॉफी संपवायची होती. पण समोर तो ऑक्टोबरात बसायचा तसाच, खांदे पाडून बसलेला होता आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "का रे?"

"तू बुधवारपासून खिडक्या उघडायच्या का थांबवल्यास?"

तिने कप खाली ठेवला. कानावर हात ठेवायला थोडा अवकाश होता, पण त्याचा चेहरा बघून तिला ते जमलं नाही. "तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

"रविवारीच. पाच मिनिटं खिडकी उघडली तर हवा थंड होते, भिंती नाही होत. मी जन्मभर हेच तर लिहीत आलो. आपली सगळी गादी गार पडली होती. ते चाळीस मिनिटांचं काम होतं, आणि दारही उघडं. भाडेकरूंनी मला कमी फसवलंय का?"

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, माझ्यासाठी करतेस." तो टेबलाकडे बघून बोलत होता. "घरी बसून बसून माझं काय झालंय ते दिसलं असेल तुला. म्हटलं, ही थंडीत कुडकुडते, पण मला काम काढून देते. चाळीस वर्षांत इतकं कोणी केलं नव्हतं माझ्यासाठी. आणि बुधवारी तू थांबलीस. वर ती गॅसची नळी. तेव्हा समजलो, की कंटाळलीस तू. कंटाळलेल्या माणसाबरोबर एवढ्याशा जागेत नाही राहता येत."

हो, तुझ्यासाठीच केलं, एवढं म्हटलं असतं तर तो उजळला असता, आणि सोमवारी दहा वाजता नोटरीसमोर हसत हसत बसला असता. गप्प राहिली असती तर घर वाचलं असतं, आणि बायको आपल्याला विटली हे मनात धरून तो त्या घरात बसून राहिला असता. दोन्हींपैकी काहीही केलं तरी तिला पुढची वीस वर्षं त्याला छान हं, छान हं म्हणत काढावी लागली असती. त्या विचाराने तिला जो संताप आला तो तिने महिनोन्‌महिने गिळलेला होता.

"तुझ्यासाठी नाही केलं," ती म्हणाली. "तुला पळवून लावायला केलं. खिडक्या उघडल्या त्याही घरासाठी आणि बंद केल्या त्याही घरासाठी. तुझा पोपट व्हावा म्हणून मी तीन दिवस नाक गोठवून घेतलं, आणि तू शीळ घालत होतास."

एकहार्टने मान वर केली. "म्हणजे आठवडाभर तू माझ्याशी भांडत होतीस?"

"हो."

"मला न सांगता."

"सांगून भांडले असते तर तू फाइल काढली असतीस."

याचा त्याने जाणकारासारखा विचार केला आणि ते त्याला बरोबर वाटलं. "पण मी भांडलो तरी असतो," तो म्हणाला. "ऑक्टोबरपासून कोणी माझ्याशी धड भांडलेलं नाही. मी बाटल्या हलवतो, तू छान म्हणतेस. मी मुद्दाम हलवत होतो, गेर्लिंड. मी आजारी नाहीये."

"नाहीस ना आजारी?"

"नाही."

"मग ऐक. घर विकायचं नाही. आणि मला ते रिकामं हवंय. सोमवार ते शुक्रवार, सकाळी साडेसात ते संध्याकाळी पाच, तू तिथे दिसता कामा नयेस. माझ्या कांद्याजवळ नाही, पियानोजवळ तर मुळीच नाही."

"मी जाऊ कुठे?"

"ते तुझं तू बघ. चाळीस वर्षं तू कुठे जाऊन काय करतोस ते मी विचारलं नाही. आताही विचारणार नाही."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर हार्टमुट कुणाच्या तरी गाडीखाली वाकून बघत होता. गेर्लिंडला वाटलं, आता हा रडणार किंवा ओरडणार, आणि दोन्हींसाठी तिने मन घट्ट केलं. पण त्याची पाठ हळूहळू ताठ झाली.

"शुक्रवारी आमचं ऑफिस दुपारी एक वाजताच सुटायचं," तो म्हणाला.

गेर्लिंडने कप उचलून उरलेली कॉफी संपवली.

"बरं," ती म्हणाली. "शुक्रवारी एकला ये."